आईचा टीव्ही केबलवरून नेटवर आणला त्याची गोष्ट

मे महिन्यात सांगलीला गेले तेव्हा आईच्या टीव्हीवर 'नो सिग्नल' होतं आणि तिनं मला सांगितलंच नव्हतं. तीन दिवस झाले होते. रोज फोनवर बोलणं व्हायचं, पण टीव्ही बंद आहे हे काय फोनवर सांगायचं म्हणून ती गप्प. बाबा जाऊन चार वर्षं झाली, मी पुण्यात, भाऊ बेंगळुरूला, गावभागातल्या जुन्या घरात ती एकटीच असते. संध्याकाळी सात ते साडेनऊ तिचा टीव्ही चालू असतो आणि त्या अडीच तासांवर तिची सगळी संध्याकाळ बसलेली आहे, कुठली मालिका सुरू व्हायच्या आधी भाकरी थापून झाली पाहिजे, कुठल्या ब्रेकमध्ये बीपीची गोळी घ्यायची, सगळं ठरलेलं. तीन दिवस संध्याकाळी काय करत होतीस विचारलं तर म्हणाली, "पडून होते, अजून काय." ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की तिथंच ठरवलं, हे आता कायमचं मार्गी लावायचं.

मार्गी लागलं, पण त्याला सहा महिने लागले. मला वाटलं होतं एक रविवार लागेल. जे कुणी आईवडिलांच्या घरी हेच करायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण मला ज्या गोष्टी अडल्या त्या कुणीच आधी सांगितल्या नव्हत्या.

आधी केबलचं सांगते. आमच्या गल्लीत केबल आली तेव्हा मी शाळेत होते. आताच्या केबलवाल्याचे वडील तेव्हा सायकलवरून यायचे, वहीत नाव लिहून पैसे न्यायचे. मग २०१५ च्या डिसेंबरअखेर आमच्यासारख्या शहरांना सेटटॉप बॉक्सची मुदत होती, तेव्हा बॉक्स आला. मग फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचा, म्हणजे फोन-केबलवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम लागू झाला, चॅनेल निवडून घ्यायचे आणि फक्त निवडलेल्याचेच पैसे द्यायचे. बाबा तेव्हा दोन दिवस यादी आणि पेन घेऊन बसले होते ते मला अजून आठवतंय. १३० रुपये नुसत्या जोडणीचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पुढे एकेका चॅनेलचे वेगळे. त्यांनी मराठी सगळे घेतले, एक बातम्यांचं हिंदी, आणि क्रिकेटसाठी एक स्पोर्ट्सचं. ते गेल्यावर आईनं त्या पॅकला हात लावला नाही, स्पोर्ट्सचं चॅनेलसुद्धा तसंच चालू ठेवलं. महिन्याला सगळे मिळून ३८० रुपये.

केबल बंद पडायची ती वायरमुळे. खांबावरून, गच्चीवरून, झाडातून आलेली वायर, उसाचा ट्रक गल्लीतून गेला की कुठंतरी ताणली जायची आणि जॉइंट सुटायचा. केबलवाला पोरगा चांगला आहे, फोन केला की यायचा, पण त्याच्याकडे पूर्वी चार माणसं होती तिथं आता तो आणि एक जण उरलाय. लोक केबल सोडत चाललेत असं तोच सांगत होता.

मी काय केलं, तर त्याला काही न सांगता एका मोठ्या कंपनीचं फायबरच्या वायरीवरचं नेट मागवलं आणि येताना पुण्यातून एक स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या मागे लावून नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी काडी, घेऊन आले. त्याच्या आधी एकदा माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर लावून बघितलं होतं, ते करू नका, एचडी चित्राला तासाला दोन ते तीन जीबी जातात आणि माझा दिवसाचा २ जीबी डेटा एका मालिकेत आणि अर्ध्या बातम्यांत संपला. रोज टीव्ही बघायचा तर घरात वेगळं नेट घ्यायलाच पाहिजे.

कंपनीचा माणूस आला, त्यानं फायबर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आणून खिडकीजवळ राऊटर ठोकला, फोनवर स्पीड दाखवला ९५ एमबीपीएस, सही घेतली आणि गेला. टीव्ही आहे माजघरात. मधली भिंत दगडमातीची, दोन फुटाच्या वर जाड. माजघरात स्पीड आला ४. मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं की वायफायचे दोन पट्टे असतात, ५ गीगाहर्ट्झचा वेगवान असतो पण भिंतीतून जात नाही आणि २.४ चा भिंतीतून जातो पण हळू, आणि शेजारपाजारचे सगळे राऊटर त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. आमच्या भिंतीतून पहिला जातच नव्हता आणि दुसरा कसाबसा. चित्र दोन मिनिटं चालायचं, मग गोल गोल फिरायचं. आई त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे शांतपणे बघत बसायची आणि म्हणायची, "येईल गं." कंपनीला राऊटर आत हलवून द्या म्हणून फोन केला, तक्रार नंबर मिळाला, आठ दिवस कुणी आलं नाही.

नवव्या दिवशी केबलवाला महिन्याच्या पैशासाठी आला आणि गच्चीवर नवी काळी वायर बघून खाली आला. काही बोलला नाही आधी. आईनं चहा दिला. मग म्हणाला, "ताई, मला विचारायचं तरी की. दोन वर्षं झाली मी पण फायबरच टाकतोय." मला खरंच लाज वाटली. म्हणजे हा माणूस, ह्याचे वडील, इतकी वर्षं आमच्या गच्चीवर येतात, २०१९ च्या पुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा पाणी उतरल्यावर चिखलातून येऊन ह्यानंच पहिल्यांदा टीव्ही चालू करून दिला होता, आणि मी त्याला विचारलंसुद्धा नाही, कारण माझ्या डोक्यात तो 'केबलवाला' आणि नेट म्हणजे कंपनी असं पक्कं बसलं होतं. जिल्ह्याच्या गावांत आता हे फार ठिकाणी आहे, केबलवाल्यांनीच इंटरनेटच्या लाइनी टाकल्यात, फक्त आपल्याला माहीत नसतं.

कंपनीचं कनेक्शन बंद केलं, त्याचं घेतलं. त्यानं फायबर सोप्यातून न आणता मागच्या बाजूनं, न्हाणीघराच्या वरून थेट माजघरात घेतली. हे काम मी बाजूला बसून पूर्ण बघितलं. केसाएवढी काच असते आत. ती सोलून, स्पिरिटनं पुसून, एका छोट्या मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवतात आणि ठिणगी पडून दोन्ही जुळतात, मशीनच्या पडद्यावर ते मोठं करून दिसतं. मग त्यानं मीटर लावून सिग्नलची ताकद सांगितली, मायनस १९, चांगलंय. मायनस २७ च्या पुढं गेलं की रडारड चालू होते म्हणाला. आणि एक गोष्ट आईला दोनदा बजावली, ही पिवळी वायर कधी मुडपायची नाही, झाडू मारताना ओढायची नाही, आणि डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल लागला तर टीव्हीत काही शोधायचं नाही, बिघाड बाहेर आहे, मला फोन करायचा. आईनं विचारलं, "लाल म्हणजे नुसता लाल का लुकलुकणारा?" तो म्हणाला, "कसाही असला तरी."

माजघरात राऊटर टीव्हीपासून सहा फुटांवर आला आणि चक्र फिरायचं थांबलं. सगळ्या भानगडीत हीच एक गोष्ट सर्वात महत्त्वाची होती. स्टिक कुठली, ॲप कुठलं, ह्याच्यावर लोक तासन्‌तास चर्चा करतात, पण जुन्या घरात आधी भिंत बघा. नेट घेतानाच सांगा की राऊटर टीव्हीच्या खोलीत पाहिजे.

दुसरं म्हणजे लाइट. गेली की राऊटर बंद, आणि परत चालू व्हायला तीन-चार मिनिटं घेतो. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे पण तो फक्त दिवे-पंख्याच्या लाइनवर. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो, हातात मावेल एवढा, तो मध्ये जोडला.

आता टीव्हीकडे येते. टीव्ही २०१४ चा, ३२ इंची, स्मार्ट नाही, पण मागे बाहेरचा बॉक्स जोडायच्या दोन जागा, म्हणजे एचडीएमआय, आहेत. एकात सेटटॉप बॉक्स होता, दुसऱ्यात स्टिक. स्टिक सरळ बसेना कारण टीव्ही भिंतीला चिकटून, तर तिच्या खोक्यात एक आखूड वायर येते ती मध्ये लावायची असते, मी ती आधी बाजूलाच टाकली होती. आणि स्टिकला करंट टीव्हीच्या यूएसबीमधून दिला तर अधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू व्हायची, तिच्याबरोबरचा ॲडाप्टर बोर्डात लावल्यावर बरोबर चालली.

खरी अडचण 'सोर्स' बटण, बॉक्सचं चित्र हवं का स्टिकचं ते निवडायचं. आईच्या दृष्टीनं टीव्ही म्हणजे एक लाल बटण आणि तीन आकडे. तिला आकडे पाठ होते, कुठलं चॅनेल कितीवर, सगळे, अंधारात बोटानं दाबायची. आता आधी टीव्ही लावा, मग सोर्स दाबा, मग एचडीएमआय २, मग दुसरा रिमोट घ्या, मग बाणांनी उजवीकडे जा, आणि ह्या दुसऱ्या रिमोटवर आकडेच नाहीत. पहिल्या आठवड्यात मी पुण्याला परत गेल्यावर रोज साडेसहाला व्हिडिओ कॉल, ती फोन टीव्हीसमोर धरायची आणि मी इकडून सांगायची, खाली, खाली, उजवीकडे, आता मधलं गोल दाब. एकदा फोन धरून धरून तिचा हात दुखायला लागला, तिनं सांगितलं नाही, मला तो थरथरताना दिसला.

दोन गोष्टींनी हे सुटलं. एक, टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय-सीईसी नावाची सेटिंग असते, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते म्हणून सापडत नाही. ती चालू केली की स्टिकच्या रिमोटवरचं घराचं चित्र दाबल्यावर टीव्ही स्वतःच चालू होऊन बरोबर सोर्सवर येतो. मग आवाजाची बटणंही त्याच रिमोटवर बसवली आणि टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात ठेवला. दोन, पहिल्या पडद्यावरची सगळी नको ती ॲप मागे ढकलली आणि तिला लागणारी पाचच पुढे आणली, डावीकडून क्रमानं. तिनं त्यांना नंबर दिले. एक नंबर म्हणजे लाइव्ह टीव्ही, दोन नंबर यूट्यूब, असं. अजूनही फोनवर ती "तीन नंबर चालत नाही" असंच सांगते आणि मला लगेच कळतं.

आता ॲपचं. मराठी वाहिन्या वेगवेगळ्या ठिकाणी विभागल्यात हे केबलवर कधी जाणवत नाही. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी पूर्वी दोन वेगळ्या ॲपवर होत्या पण १४ फेब्रुवारी २०२५ ला ती दोन्ही एक होऊन जिओहॉटस्टार झालं तेव्हा एका ठिकाणी आल्या. सह्याद्री प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर, ते नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. आणि मराठी बातम्यांची बहुतेक चॅनेल, एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, साम, झी २४ तास, ही यूट्यूबवर चोवीस तास लाइव्ह असतात, फुकट. पैसे भरताना एक बघा, काही ॲपचा सगळ्यात स्वस्त प्लॅन फक्त मोबाइलवर चालतो, टीव्हीवर नाही, आणि हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी एकदा तोच घेतला, पैसे गेले.

आणि इथं माझी समजूतच चुकली होती, ती नीट सांगते. मला वाटलं होतं की मालिका ॲपवर आल्या म्हणजे काम झालं. केव्हाही बघ, थांबवून बघ, राहिलेला भाग बघ, सोयच सोय. काही मालिकांचा भाग तर पैसे भरणाऱ्यांना टीव्हीच्या आधीच मिळतो. मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं की तुला उद्याचा भाग आजच बघता येईल. तिनं एकदा बघितला आणि परत बघितला नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "अगं, सकाळी देवळात आम्ही चौघी बोलतो ना त्याच्यावर. मला पुढचं माहीत असलं तर मी काय बोलू त्यांच्याशी?" मला हे सुचलंच नसतं. तिला मालिका नको होती नुसती. त्या चौघींनी आपापल्या घरी, एकाच वेळी, तेच बघायला पाहिजे होतं. आठ वाजले की त्या तिघी पण बघतायत हे तिला माहीत असतं.

शिवाय ॲपवर तिला प्रत्येक वेळी काहीतरी निवडावं लागतं. केबलवर निवडायचं नसतं, लावलं की काहीतरी चालू असतं, घरात कुणीतरी बोलत असल्यासारखं. दुपारी ती टीव्ही बघत नाहीच, लावून ठेवते आणि गवार निवडते.

म्हणून मग लाइव्ह चॅनेलवाल्या ॲपचा शोध सुरू झाला. आता बहुतेक ब्रॉडबँडवाले नेटबरोबर लाइव्ह टीव्हीचं ॲप किंवा बॉक्स देतात, मोठ्या कंपन्याही देतात आणि केबलवाल्यांमार्फत येणारे छोटेही. आमच्या केबलवाल्या पोरानं प्लॅनमध्ये थोडे पैसे वाढवून ते चालू करून दिलं. त्यात भाषा मराठी निवडली की फक्त मराठी चॅनेलची यादी येते, आणि वरखाली बाणानं चॅनेल बदलतं, अगदी जुन्या टीव्हीसारखं. ज्या दिवशी हे लागलं त्या दिवशी आईनं व्हिडिओ कॉल केला नाही. साडेसहा झाले, सात झाले, मला काळजी वाटायला लागली, मीच फोन केला तर म्हणाली, "नंतर बोलू, चालू झालंय."

जुलै असा बरा गेला. मी केबल बंद करायचं म्हणत होते पण आई नको म्हणाली, पावसाळा होऊ दे. मला कळेना पावसाळ्याचा काय संबंध.

ऑगस्टमध्ये कळलं. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट झालं त्या आकड्याकडे असतं. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, २०१९ ला ते ५७ च्या पुढं गेलं होतं. कोयनेतून किती सोडलंय, पुलाजवळ किती झालंय, कुठल्या गल्लीत पाणी आलंय, हे राज्याच्या बातम्यांत दिवसातून एकदा दोन ओळी येतात, पण आमच्या लोकल केबल चॅनेलवर खालच्या पट्टीत सतत चालू असतं. आणि ते लोकल चॅनेल कुठल्याच ॲपवर नव्हतं. लाइव्ह टीव्हीच्या यादीत शेकडो चॅनेल, दिल्लीची, चेन्नईची, पण आमच्या गावचं नाही. निधन वार्ता त्याच्यावर लागतात, पाणी कधी येणार नाही ते त्याच्यावर कळतं, आईचं माहेर तासगावचं, तिथला गणपतीचा रथोत्सव ऋषिपंचमीला त्याच्यावरच थेट दाखवतात आणि ती दरवर्षी टीव्हीसमोर हात जोडून उभी राहते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी इशारा पातळीच्या वर गेलं तेव्हा आईनं केबलच लावून ठेवली होती, चोवीस तास, आवाज बंद करून. मी पुण्यातून तिला विचारत होते किती झालं, ती पट्टी वाचून सांगायची. मला तेव्हा पटलं की घाईनं केबल तोडली असती तर मी तिची मोठी गोष्ट काढून घेतली असती, आणि मला त्याचा पत्तासुद्धा लागला नसता.

पुन्हा केबलवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला त्या चॅनेलवाल्यांचं यूट्यूबवरपण आहे, बातमीपत्र टाकतात आणि पूर-मिरवणूक असलं की लाइव्ह करतात. सापडलं. नाव मराठीत बोलून शोधलं तर स्टिकला कळेना, शेवटी मी फोनवरून शोधून सबस्क्राइब केलं आणि आईच्या दोन नंबरमध्ये, म्हणजे यूट्यूबमध्ये, ते वर येईल असं केलं. २८ ऑगस्टला तासगावचा रथ तिनं त्याच्यावर बघितला. गुलाल उडत होता आणि चित्र जरा अडखळत होतं, पण तिनं हात जोडले होते. खालची ती सतत चालणारी पट्टी मात्र अजून केबलवरच आहे, रोज लाइव्ह नसतं ते. हे नुकसान नुकसानच आहे आणि त्याला तोड मला सापडलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात दोन-तीन महिने केबल परत चालू करायची असं सध्या ठरलंय.

मग आली महिला वर्ल्ड कपची फायनल, २ नोव्हेंबर, नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला. स्मृती मानधना सांगलीची, त्यामुळं गावात काय वातावरण होतं हे मी सांगायला नको. मी मुद्दाम घरी गेले होते. पावसामुळं मॅच उशिरा सुरू झाली. स्मृती ४५ वर गेली तेव्हा आई "असू दे, असू दे" म्हणत उठून पाणी प्यायला गेली, शेफालीनं ८७ केले, आपले २९८ झाले. आम्ही स्टिकवर बघत होतो आणि पहिल्या डावातच लक्षात आलं की शेजारी आमच्या आधी ओरडतायत. त्यांच्याकडे केबल. आमच्याकडे बॉलर अजून धावतोय आणि तिकडून "गेला गेला". स्ट्रीमिंगमध्ये चित्र काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, दोन-चार तुकडे हातात जमल्याशिवाय टीव्ही दाखवायला सुरुवात करत नाही, म्हणजे अटकू नये म्हणून, आणि त्यात आपण पंचवीस-तीस सेकंद मागे पडतो. मालिकेला काही फरक पडत नाही. क्रिकेटला पडतो.

दक्षिण आफ्रिकेची वुलफार्ट १०१ वर खेळत होती, तीच एक भीती होती. आमच्या टीव्हीवर दीप्ती बॉल टाकायला निघालेली आणि शेजारून नुसता कल्लोळ, कुणीतरी थाळी वाजवली. मग आम्ही बघितलं, बॉल वर गेला, अमनजोतच्या हातातून एकदा सुटला, दोनदा सुटला, आणि मग तिनं धरला. जो क्षण जीव मुठीत धरून बघायचा तो आम्हाला आधीच माहीत होता. आई काही बोलली नाही. ती उठली, कपाटातून टीव्हीचा जुना रिमोट काढला, सोर्स दाबलं, खाली गेली, एचडीएमआय १, ओके, मग सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर तीन आकडे दाबले, बाबांच्या स्पोर्ट्स चॅनेलचे. जून महिन्यात हेच सोर्स बटण तिला महिनाभर जमत नव्हतं. मी नुसती बघत राहिले. शेवटचा कॅच हरमनप्रीतनं घेतला तेव्हा शेजारी आणि आम्ही एकाच वेळी ओरडलो, रात्रीचे बारा वाजले होते आणि गल्लीत फटाके सुरू झाले.

नोव्हेंबरअखेर केबल बंद केली. खर्चाचं खरं सांगायचं तर वाचला नाही, वाढला. केबलचे ३८० होते. नेट ५९९ अधिक जीएसटी म्हणजे ७०७, त्यात लाइव्ह टीव्हीचे आणि ॲपचे वर्षाचे पैसे महिन्यावर पसरले तर साडेनऊशेच्या आसपास जातं. ज्यांच्या घरी नेट आधीपासून आहे त्यांचं वाचेल. आमच्याकडे नेट नव्हतं, ते आल्यामुळं आई आता नातवाशी रोज मोठ्या पडद्याच्या फोनवर बोलते, तो हिशेब वेगळा. ॲपचे पैसे माझ्या यूपीआयवरून ऑटोपेनं जातात, कापायच्या आधी चोवीस तास मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, तो मेसेज आला की मी बघते की आई ते ॲप बघते तरी का, नसेल तर बंद. सोनीचं एक तिनं स्वतः सांगून बंद करायला लावलं.

केबलवाला गच्चीवरची जुनी वायर काढायला आला तेव्हा आई त्याला म्हणाली, "सगळी नको काढू, पावसाळ्यात लागणार आहे." त्यानं ती गुंडाळून पाण्याच्या टाकीच्या पाईपला बांधून ठेवली, टोकाला प्लास्टिकची पिशवी लावून.

टीव्हीशेजारी भिंतीवर मी जूनमध्ये एक कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरात, काय दाबायचं ते पाच ओळींत. आई शाळेत शिक्षिका होती, तिचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. परवा गेले तेव्हा माझा कागद काढलेला होता आणि तिनं नवीन लिहून लावला होता, सात ओळींचा. सहावी ओळ, लाल दिवा असेल तर टीव्हीला हात लावू नये, आणि पुढं त्या पोराचा नंबर. सातवी, क्रिकेट असेल तर शेजारी जाणे.